कुणीतरी एक आपलं

प्रत्येक आळीत असं एखादं पोर असतंच. बाप पिऊन येतो, आई दिवसभर कामावर, घरात रोजची कटकट. "या घरातलं पोर काय निपजणार!" असं आपण दारात उभ्या राहून सहज बोलून जातो. पुढं तेच पोर शिकून-सवरून मार्गाला लागलं, की "नशीब हो एकेकाचं!" म्हणून मोकळ्या होतो.

हे नशीब म्हणजे नेमकं काय, याचा छडा एका बाईंनी चाळीस वर्षं लावला. एमी वर्नर त्यांचं नाव. जन्म १९२९ चा, जर्मनीतला. महायुद्धाची झळ त्यांनी लहानपणीच सोसली होती. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या अभ्यासाची जागा मात्र दूरची, हवाई बेटांपैकी कौआई. ऊस-अननसाचे मळे, आणि त्या मळ्यांवर राबायला जपान, फिलिपिन्सहून आलेल्यांची कुटुंबं.

१९५५ साली त्या बेटावर जन्मलेली ६९८ मुलं अभ्यासात घेतली. एकदा कागद भरले नि झालं, असं नव्हे बरं का! मूल एक वर्षाचं, दोन वर्षांचं, दहाचं, अठराचं, बत्तिसाचं आणि चाळिशीचं झालं, तेव्हा तेव्हा त्याची विचारपूस झाली. रूथ स्मिथ ही सहकारी बाईंच्या जोडीला होती.

यातल्या दोनशेच्या आसपास मुलांचे ग्रह जन्मतःच वाकडे. गरिबी, बाळंतपणातल्या अडचणी, आईबापांची भांडणं, कुठं दारू, कुठं मनाचा आजार, आणि हे सगळं एकदम! त्यांच्यापैकी दर तिघांतली दोघं पुढे अभ्यासात नाहीतर वागण्यात घसरली, काही पोलिसांपर्यंत गेली. म्हणजे आपलं दारातलं भाकीत अगदीच खोटं नाही. पण ७२ मुलं, ४२ मुली नि ३० मुलगे, सरळ, कर्तबगार आणि मायाळू निघाली.

कशी? काही मुळातच हसरी, माणसांत रमणारी होती, हे खरं. पण त्याहून ठळक गोष्ट अशी, की लहानपणी त्यांना निदान एका माणसाचा भक्कम आधार होता. ती आईच होती असं नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, थोरली बहीण, शेजारीण. शाळेतल्या आवडत्या बाईही पुष्कळांच्या बोलण्यात आल्या.

दुसरी गोष्ट वाचून मी जरा ओशाळले. या मुलांवर घरातलं काही ना काही काम सोपवलेलं असे. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, घरकामात हात लावायचा. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपण? मुलगा दहावीला गेला, की त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही!

घसरलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे तर आयांनी जरूर वाचावं. अठराव्या वर्षी ज्यांच्या नावावर फुली मारली असती, त्यांच्यातली बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणी राहिलेलं शिक्षण पुरं केलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला जोडीदार चांगला भेटला, कुणी देवाधर्माच्या माणसांत रमलं. कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींचंही बरंचसं बस्तान बसलं.

एका माणसाच्या मायेनं सगळं भागतं, असं वर्नरबाई म्हणत नाहीत. संकटं जितकी जास्त, तितके आधारही जास्त लागतात. म्हणूनच आपलं मूल मनातलं आपल्याला न सांगता काकूला किंवा वरच्या मजल्यावरच्या आजींना सांगतं, तेव्हा आपल्या पोटात जे तुटतं ना, ते जरा गिळावं. त्याला एक खांब जास्त मिळाला, इतकंच.

आणि ते आळीतलं पोर? दुपारी दाराशी रेंगाळलं, तर नुसता लाडू हातावर ठेवून परत पाठवू नये. "शेंगा सोलू लागतोस का?" म्हणून आत घ्यावं, शाळेचं विचारावं, आणि उद्याही यायला सांगावं. वर्नरबाई २०१७ मध्ये गेल्या. कौआईच्या त्या मुलांना मोठेपणी "तुम्हाला कोणी तारलं?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर-तज्ज्ञांपेक्षा नात्यातल्या, शेजारपाजारच्या आणि शाळेतल्या माणसांचीच आठवण जास्त काढली होती.