तेलात बुडालेली माती आणि शेणखत
(माती : आजार आणि उपचार – भाग ७)

मागच्या भागात खारपड जमिनी पाहिल्या. आजचं दुखणं त्याहून चिवट : कच्चं तेल मुरलेली माती. त्यासाठी नायजेरियात, नायजर नदीच्या मुखाशी असलेल्या ओगोनीलँडला जावं लागेल. तिथला तेलउपसा १९९३ साली थांबला, गळती मात्र थांबली नाही.

अशा मातीचं ढेकूळ फोडून त्यावर पाणी टाकलं, तर ते मुरतच नाही. थेंब गोळी होऊन घरंगळतो. कणाकणावर तेलाचा लेप बसलेला असतो. मुळांना ना पाणी, ना हवा.

गंमत म्हणजे हे तेल खाणारे जिवाणू त्याच मातीत असतात. मग ते उपाशी का? तेलात कार्बन सुमारे ८५ टक्के, नत्र आणि स्फुरद मात्र नावापुरतं. ताटात भाताचा डोंगर आणि वरण चमचाभर, अशी त्यांची गत. जाणकार कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं साधारण १००:१०:१ प्रमाण धरतात. ही तूट खत भरून काढतं. नायजेरियातल्या संशोधकांनी शेण, शेळीच्या लेंड्या, डुकरांचं आणि कोंबड्यांचं खत असं सगळं वापरून पाहिलंय. कोंबडखतात नत्र शेणापेक्षा बरंच जास्त. खतामुळे माती भुसभुशीत होते, ओल टिकते, शिवाय नवे जिवाणूही येतात. पण ताजं खत भरमसाट ओतलं, तर अमोनियाच जिवाणूंना मारतो. म्हणून कुजलेलं बरं.

आता खरी अडचण. हे जिवाणू तेल फोडतात ते प्रामुख्याने प्राणवायूच्या जोरावर. म्हणजे माती ओलसर ठेवून वरचेवर खालीवर करायला हवी. ओगोनीलँडमध्ये तेल कंपनीने वरची माती उकरून, खत मिसळून ती तिथेच सोडून दिली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालाने ही पद्धत फसल्याचं स्पष्ट सांगितलं. फसणारच! अनेक ठिकाणी तेल पाच मीटर खोल गेलेलं आणि अडवायला चिकणमातीचा सलग थर नाही. एका गावात तर पिण्याच्या विहिरींत बेन्झिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट निघालं. तिथे वरून शिंपडलेलं खत काय करणार? खोलवरची माती उपसून, वर पसरून, मगच खत मिसळावं लागतं. हा खर्च कोणी करायचा, यावर खताचा स्वस्तपणा हे उत्तर नव्हे.

पचायलाही क्रम असतो. साध्या साखळ्यांचे हलके घटक आधी संपतात, अनेक कड्यांचे रेणू रेंगाळतात, डांबरासारखा गाळ जवळजवळ तसाच राहतो. म्हणून गवत उगवलं की जमीन बरी झाली, असं मानून तिथे लगेच कसावा लावू नये. आधी माती तपासून घ्यावी. याच अहवालाने ओगोनीलँड सावरायला २५ ते ३० वर्षं लागू शकतील असं म्हटलंय, आणि तेही गळती थांबली तर.