ओदोरिकचं ठाणं

ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात, त्यांच्यापुढे मांजरांची मात्रा चालत नाही, त्यांना धरायला कुत्रेच लागतात. ही नोंद सातशे वर्षांपूर्वीची आहे. ती करणारा ओदोरिक हा उत्तर इटलीतल्या पोर्देनोने गावाजवळचा फ्रान्सिस्कन साधू. होर्मुझहून तो अशा जहाजात बसला की ज्यात लोखंडाचा एक खिळा नव्हता, सगळ्या फळ्या दोरीनं शिवलेल्या. अठ्ठावीस दिवसांनी तो ठाण्याला उतरला. कल्याण-डोंबिवलीच्या चाळीत ज्यानं रात्री गटारातून निघालेली घूस पाहिली आहे, त्याला ओदोरिक कशानं दचकला हे समजावून सांगावं लागत नाही. इटलीतल्या पादुआच्या वर्गात मात्र त्यासाठी तळटीप लागते.

विद्यापीठात इटालियन भाषा आणि संस्कृती शिकायची म्हटलं की ऑपेरा, मायकेलअँजेलो, फुटबॉल आठवतं. ते सगळं त्यात आहेच. पण याच अभ्यासात मध्ययुगीन प्रवासवर्णनं येतात आणि त्यांत 'ताना' भेटतं, म्हणजे आपलं ठाणं! मार्को पोलोनं १२९८ साली जेनोआच्या तुरुंगात सोबतच्या रुस्तिकेल्लोला जे सांगितलं, त्यात ताना हे स्वतंत्र राजाचं राज्य आहे. तिथे कातडं आणि सुती कापड विकलं जातं आणि राजाचं चाच्यांशी संगनमत आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. तिथल्या लोकांची स्वतःची भाषा आहे, असंही तो सांगतो. ती मराठी असावी: ज्ञानेश्वरी त्याच दशकातली, १२९०ची.

मार्कोची नजर व्यापाऱ्याची. ओदोरिक उंबऱ्यापर्यंत येतो. पारव्याएवढी वटवाघळं तो पाहतो. इथले लोक अग्नीला, सापांना आणि झाडांना पुजतात, असं सांगतो. मग एक नोंद येते, ती वाचताना मी दर वेळी थांबतो. इथे प्रत्येकाच्या घरापुढे खांबाएवढ्या जाडीचं काड्यांचं एक रोप असतं आणि पाणी मिळत राहिलं तर ते कधी सुकत नाही. माझ्या मते ही तुळस. खांब म्हणजे वृंदावन असावं. त्याला नाव ठाऊक नव्हतं, पूजा कळली नसावी, पण पाणी घातलं जातं हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

तो ठाण्याला आला त्याआधी इथे एक दुःखद घटना घडली होती. एप्रिल १३२१मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेंतिनोचा तोम्मासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रिओ. त्यांना जायचं होतं कोल्लमला, वाऱ्यानं जहाज ठाण्याला लागलं. गावात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, त्यांतल्या एकात ते उतरले. त्या घरातलं भांडण काझीपुढे गेलं, तिथे धर्मावरून वाद पेटला आणि शेवटी त्यांचे जीव गेले. जोर्दानुस या सोबत्यानं त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओदोरिकनं त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि थेट चीनच्या किनाऱ्यावर, आजच्या च्वानचौला पोचवल्या.

१३२१च्याच सप्टेंबरात रावेन्नात दान्ते वारला. आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात, एकोणिसाव्या सर्गात, त्यानं एक प्रश्न मांडला आहे. सिंधूच्या काठी एक माणूस जन्मतो. ख्रिस्ताबद्दल सांगणारं तिथे कुणी नाही. त्याचं वागणं निर्मळ आहे. तो बाप्तिस्म्याशिवाय मेला तर त्याचा दोष काय? घरापुढच्या रोपाला पाणी घालणाऱ्या ठाणेकराला दान्ते ओळखत नव्हता, पण हा प्रश्न त्याच्याविषयीही आहे. या काव्याचं चौदाव्या शतकातलं एक हस्तलिखित मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे, गव्हर्नर एल्फिन्स्टननं दिलेलं. ठाण्याहून लोकलनं सीएसएमटीला उतरलं की सोसायटीचा टाऊन हॉल चालत जाण्याजोगा आहे.

मग विद्यापीठ यात नेमकं काय शिकवतं? ओदोरिकनं मे १३३०मध्ये पादुआत आपली हकीकत सांगितली, सोलान्याच्या गुल्येल्मोनं ती लॅटिनमध्ये उतरवली आणि पुढच्या जानेवारीत ओदोरिक उदिनेला वारला. त्यानंतर लॅटिन, इटालियन, फ्रेंच, जर्मन अशा शंभराहून अधिक प्रती झाल्या. कुणी गाळलं, कुणी भर घातली, कुणाला शब्द लागला नाही म्हणून बदलला. १५७४मध्ये व्हेनिसला रामुझिओच्या प्रवाससंग्रहात हा मजकूर इटालियनमध्ये छापला गेला. या सगळ्यांतून मूळ पाठ शोधायचा, त्यासाठी प्रती समोरासमोर ठेवायच्या, कुठली चूक कुठल्या प्रतीतून कुठे गेली याची वंशावळ मांडायची. हे काम मराठी माणसाला परकं नाही. एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला तो याच जातीचा उद्योग. ओदोरिकच्या लॅटिन पाठाची चिकित्सक आवृत्ती अन्नालिया मार्किझिओ यांनी २०१६मध्ये काढली.

विद्यार्थ्याला त्यासाठी लॅटिन लागतं आणि जुनी अक्षरं वाचायचा सराव लागतो. जुनी इटालियन त्या मानानं दयाळू आहे. आजची प्रमाण भाषा दान्तेच्या फ्लोरेन्सच्याच बोलीवर उभी असल्यामुळे, आधुनिक इटालियन नीट आली की टिपांच्या आधारानं चौदाव्या शतकातलं वाचता येतं.

आणि पाठ हाती आल्यावर जे उरतं, त्यात इथल्या मुलामुलींचा हात धरणारं कुणी नाही. ओदोरिक म्हणतो, ठाण्यात काळे सिंह पुष्कळ आहेत. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात आजही बिबटे आहेत. त्यानं काळा बिबट्या पाहिला, की ऐकीव गोष्ट लिहवून घेतली, की 'काळे' हा कुणा लेखनिकाचा हात? त्यासाठी प्रतीही पाहाव्या लागतील आणि येऊरही.