दोन फेऱ्यांनंतरची माघार

मोटारशर्यतींच्या इतिहासात १९७६ या वर्षाची आठवण जितक्या वेळा काढली जाते, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या वर्षाची काढली जात असेल. त्या वर्षी फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीतील विश्वविजेतेपद सोळा शर्यतींनंतर अवघ्या एका गुणाने निश्चित झाले. ब्रिटनचा जेम्स हंट ६९ गुणांनिशी विजेता ठरला. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा ६८ गुणांवर राहिला. या चुरशीवर पुढे पुस्तके निघाली, २०१३ साली ‘रश’ हा चित्रपटही आला. परंतु इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना प्रस्तुत लेखकाला विजेत्यापेक्षा पराभूताचेच अधिक स्मरण होते. अखेरच्या शर्यतीत, दोनच फेऱ्या झाल्यावर, लाउडाने आपली गाडी थांबवली आणि तो खाली उतरला. त्या एका कृतीत अर्थशास्त्राचा एक मोठा धडा दडलेला आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने मोटारशर्यतीकडे वळावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण धोक्याच्या कामाचा मोबदला कसा ठरतो, हा प्रश्न आमच्या शास्त्राइतकाच जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली, म्हणजे या शर्यतींच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये त्याचा विचार केला होता. काम जितके कष्टाचे वा अप्रिय, तितके त्याचे वेतन अधिक असले पाहिजे, असे त्याचे सूत्र. मात्र त्याला त्याने एक मार्मिक पुरवणी जोडली. माणूस, आणि विशेषतः व्यवसाय निवडण्याच्या वयातला तरुण, आपल्या वाट्याला येऊ शकणारे यश फुगवून पाहतो आणि संभाव्य हानी कमी लेखतो. त्यामुळे धोक्याची पुरती किंमत त्याच्या वेतनात उतरेलच असे नाही. वर्गात हा भाग शिकवताना मी विद्यार्थ्यांना १९७६ ची कथा सांगतो.

भांडवल आणि बेपर्वाई

या कथेचे दोन्ही नायक पैशाच्या वाटेनेच शर्यतीच्या मैदानात आले. लाउडा व्हिएन्नातील एका धनाढ्य उद्योगपती घराण्यातला. पण त्याच्या या छंदाला आजोबांचा कडवा विरोध होता. घरून आधार नाही असे दिसताच त्याने स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले आणि त्या पैशावर एका संघात चालकाची जागा मिळवली. ज्या धंद्यात जीव जाण्याची शक्यता मोठी, त्या धंद्यात शिरण्यासाठी त्याच जिवाचा विमा तारण! धोक्याची किंमत काय असते, हे त्याला सहीनिशी ठाऊक होते. १९७५ साली फेरारीसाठी तो विश्वविजेता झाला.

हंटची गोष्ट निराळी. लॉर्ड हेस्केथ या उमरावाच्या हौशी संघातून तो नावारूपाला आला. १९७५ च्या अखेरीस त्या उमरावाचा पैसा आटला आणि हंट बेकार झाला. त्याच सुमारास एमर्सन फिटिपाल्डी या ब्राझीलच्या माजी विजेत्याने मॅक्लारेन संघ सोडून भावाच्या नव्या संघात जाण्याचा निर्णय घेतला. त्या संघाचा आश्रयदाता होता कोपरसुकार हा ब्राझीलमधील साखर उत्पादकांचा सहकारी संघ. साखर आणि सहकार यांची सांगड महाराष्ट्राला परकी नाही. पण सहकारी साखरेच्या पैशावर शर्यतीची मोटार धावावी, हे आपल्याकडच्या साखरसम्राटांनाही सुचले नसावे. फिटिपाल्डीची रिकामी झालेली जागा हंटला मिळाली. तिथे पैसा सिगारेटचा होता.

हंगामाच्या पूर्वार्धात लाउडा पुढे होता. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, बेल्जियम, मोनॅको अशा शर्यती त्याने एकामागून एक जिंकल्या. हंटची स्पेनमधील जीत त्याची गाडी १.८ सेंटिमीटरने अधिक रुंद भरल्यामुळे रद्द झाली आणि दाद मागितल्यावर जुलैमध्ये परत मिळाली. ब्रँड्स हॅच येथील त्याची जीत मात्र सप्टेंबरमध्ये काढून लाउडाला देण्यात आली. मैदानावरचे निकाल समितीच्या टेबलावर फिरत होते. खरी उलथापालथ मात्र १ ऑगस्टला व्हायची होती.

न्यूरबुर्गरिंगचे मतदान

जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा डोंगर-जंगलातून जाणारा जवळजवळ २३ किलोमीटरांचा शर्यतमार्ग. एवढ्या लांबीवर जागोजाग अग्निशमनाची आणि वैद्यकीय मदतीची सोय ठेवणे खर्चाचे, म्हणून ती अपुरीच असे. लाउडाने सहकाऱ्यांना या शर्यतीवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी होती. आदल्या वर्षी याच मार्गाची फेरी सात मिनिटांच्या आत पुरी करणारा चालक तोच होता. या मार्गाची सर्वांत वेगवान ओळख ज्याला होती, तोच ‘येथे धावू नये’ म्हणत होता. चालकांचे मतदान झाले; बहुमत विरुद्ध गेले. शर्यत झाली.

दुसऱ्याच फेरीत लाउडाची फेरारी कठड्यावर आदळली, उलटी फिरून मार्गावर आली आणि पेटली. त्याला बाहेर काढले ते व्यवस्थेने नव्हे; मेर्झारिओ, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल या त्याच्या सहचालकांनी, आपापल्या गाड्या थांबवून. चेहरा व डोके भाजले होते. विषारी वायूने फुप्फुसे निकामी व्हायच्या बेतात होती. रुग्णालयात धर्मगुरूला बोलावून अंत्यविधीचे मंत्रही म्हणून झाले. असे प्रसंग नवे नव्हते. १९७३ साली हॉलंडमध्ये रॉजर विल्यमसन हा तरुण चालक उलटलेल्या गाडीखाली जळून गेला होता. त्याला वाचवण्यासाठी डेव्हिड पर्ली हा चालक एकटाच झटत होता, कारण जवळच्या कर्मचाऱ्यांकडे अग्निरोधक पोशाखच नव्हते.

लाउडा मात्र मृत्यूच्या दारातून परतला. अवघ्या सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, जखमा ओल्या असताना तो इटलीत मोन्झाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. दरम्यानच्या काळात हंट गुणांची दरी बुजवीत होता. शेवटच्या तीन शर्यतींपूर्वी लाउडाचे ६४ आणि हंटचे ४७ गुण होते. कॅनडा आणि अमेरिका येथे हंट जिंकला. जपानमधील अखेरच्या शर्यतीला दोघे आले तेव्हा हिशेब होता ६८ विरुद्ध ६५.

फुजीचा पाऊस

२४ ऑक्टोबरला फुजी पर्वताच्या पायथ्याशी मुसळधार पाऊस आणि धुके होते. मार्गावरून पाण्याचे ओहोळ वाहत होते. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या तुषारांत मागच्या चालकाला काही दिसत नव्हते. अनेक चालकांना शर्यत होऊ नये असे वाटत होते. पण प्रेक्षक आले होते, दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण ठरले होते. बराच वेळ घोळ घालून अखेर शर्यत सुरू झाली. भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाला डोळ्यांची उघडझापही नीट करता येत नव्हती. दोन फेऱ्यांनंतर तो थांबला. फेरारीचे तंत्रप्रमुख माउरो फोर्गिएरी यांनी, इंजिन बिघडले असे जाहीर करण्याची तयारी दाखवली. लाउडाने ती नाकारली. थांबण्याचा निर्णय आपला आहे आणि तो धोक्यामुळे घेतला आहे, असे त्याने उघडपणे सांगितले.

पुढे पाऊस ओसरला, मार्ग सुकू लागला. हंटच्या गाडीचे पावसाळी टायर झिजून फुटले. टायर बदलून तो परतला तेव्हा पाचवा होता, आणि पाचव्या स्थानावर शर्यत संपली असती तर घरच्या वाटेला लागलेला लाउडाच विश्वविजेता ठरला असता. शेवटच्या फेऱ्यांत दोन गाड्यांना मागे टाकून हंट तिसरा आला. मारिओ अँड्रेटीने शर्यत जिंकली. हंटने अजिंक्यपद जिंकले.

येथे वर्गातला एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, ‘सर, पाऊस थांबलाच ना? मग लाउडाचे चुकलेच की!’ या प्रश्नातच आपल्या विचारपद्धतीचा दोष आहे. निर्णयाची पारख तो घेताना हाती असलेल्या माहितीवरून करायची असते, नंतर पदरात पडलेल्या फळावरून नव्हे. घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे शहाणा माणूस म्हणत नाही. दुसरा मुद्दा बुडीत खर्चाचा. वर्षभर केलेली कमाई, सोसलेल्या यातना, मोन्झातले ते पुनरागमन, हे सारे पणाला लागले असताना माघार घेणे सर्वांत कठीण असते. ‘इतके सोसले, आता शेवटचे एवढेही करून टाकू’, असेच मन सांगते. लाउडाने त्या भूतकाळाच्या ओझ्याला आपल्या निर्णयात शिरू दिले नाही. पुढच्या सत्तर फेऱ्यांत काय मिळू शकते आणि काय जाऊ शकते, एवढाच हिशेब त्याने मांडला.

नकार कोणाला परवडतो?

परंतु हा धडा येथेच संपवला तर तो अर्धाच राहील. फुजीला माघार घेणारा लाउडा एकटा नव्हता. फिटिपाल्डी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही आपापल्या गाड्या थांबवल्या. बाकीचे धावत राहिले. ते सारे अविचारी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतः हंटच वर्षापूर्वी बेकार होता. आज थांबलो तर उद्या आपली जागा दुसऱ्याला मिळेल, ही धास्ती ज्याच्या मानेवर बसली आहे, त्याचा होकार हा संपूर्ण होकार नसतो. लाउडाला नकार परवडला, कारण तो जगज्जेता होता आणि त्याचे धैर्य न्यूरबुर्गरिंग व मोन्झा येथे साऱ्या जगाने पाहिले होते. तरीही त्या नकाराची किंमत त्याला द्यावी लागली. इटालियन वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली, फेरारीशी असलेले संबंध दुरावले. १९७७ साली त्याने पुन्हा विश्वविजेतेपद मिळवले आणि हंगाम संपण्यापूर्वीच तो संघ सोडला.

शिखरावरच्या माणसाला नकार इतका महाग पडतो, तर परांचीवर चढणाऱ्या मजुराला किंवा मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्या सफाई कामगाराला तो कितीला पडत असेल? त्याच्या धोक्याचे मोल वेतनात उतरते, असे पाठ्यपुस्तक सांगते. प्रत्यक्षात त्याच्या मागे रांगेत उभा असलेला दुसरा गरजू माणूस ते मोल खाली ओढत असतो. म्हणूनच सुरक्षितता व्यक्तीच्या धैर्यावर सोडता येत नाही. ती नियमांत असावी लागते, आणि तिचा खर्च धोक्यातून नफा मिळवणाऱ्यावर टाकावा लागतो.

शर्यतीच्या जगाला हे हळूहळू आणि फार किंमत मोजून उमगले. १९७६ नंतर न्यूरबुर्गरिंगच्या त्या लांब मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही. १९७७ साली त्याच फुजीवर, कोरड्या हवेतही, एका अपघातात मार्गालगत उभ्या असलेल्या दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर जपानमध्ये ही शर्यत परतली ती १९८७ साली, दुसऱ्या मार्गावर. १९७८ मध्ये सिड वॉटकिन्स हे वैद्यकीय व्यवस्थेचे प्रमुख झाले. तरीही त्या वर्षी रॉनी पीटरसन गेला. १९९४ साली इमोला येथे एकाच आठवड्याच्या अखेरीस रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना मृत्युमुखी पडले. प्रत्येक मृत्यूनंतर नियमांचे पुस्तक थोडे जाड होत गेले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती संरक्षक कडे सक्तीचे झाले. त्याने गाडीचे रूप बिघडते, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. २०२० साली बहारीनमध्ये रोमां ग्रोजांची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. त्या ज्वाळांतून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, आणि ती कुरकुर बंद झाली.

हंट १९७९ साली निवृत्त झाला आणि १९९३ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. लाउडाने १९८४ मध्ये अर्ध्या गुणाच्या फरकाने तिसरे विश्वविजेतेपद मिळवले. तो २०१९ पर्यंत जगला. फुजीला एका गुणाने हुकलेल्या अजिंक्यपदाची भरपाई अर्ध्या गुणाने झाली, असे कोणी म्हणेल. हिशेबाची ती एक गंमत झाली. खरी गोष्ट अशी की, त्या पावसात थांबलेल्या माणसाला पुढची त्रेचाळीस वर्षे मिळाली. ती कोणत्याही गुणतक्त्यात मांडलेली नाहीत. ज्या समाजात असा नकार देण्यासाठी माणसाला आधी जगज्जेता व्हावे लागत नाही, त्या समाजाची मोजदादही आपल्या आर्थिक विकासाच्या तक्त्यांत अद्याप व्हायची आहे.