तर्जनीचे काम आणि अंगठ्याचे काम

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले की तो बोनस, महागाई भत्ता आणि संपाचा हक्क यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. त्या विषयांवर बोलण्याचे प्रसंग आम्हांला वर्षभर येतात. म्हणून या खेपेस चिटणिसांची संमती घेऊन आम्ही कॅमेऱ्याच्या एका कळीचा विषय निवडला आहे. आमच्या युनियनच्या पत्रकाला पगारी छायाचित्रकार परवडत नाही, त्यामुळे ही विद्या आम्ही माहितीपुस्तिका वाचून आणि सराव करून मिळवली. शाळेत मिळाली नाही म्हणून ती कमी प्रतीची आहे, असे मात्र आम्ही मानत नाही.

प्रथम मूळ गोष्ट. कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू पूर्ण रेखीव दाखवते. तिच्या जरा पुढचे-मागचे चालून जाते, त्यापलीकडचे धूसर होते. हे अंतर जुळवणे म्हणजे फोकस करणे. जुन्या कॅमेऱ्यांत भिंगावरचे कडे डाव्या हाताने फिरवून ते जुळवावे लागे, आणि चित्र टिपण्याची कळ उजव्या हाताची तर्जनी दाबी. कोठे पाहायचे हे एका हाताने ठरवायचे, केव्हा टिपायचे हे दुसऱ्याने. शिवणयंत्रावर बसलेला कारागीर पायाने गती देतो आणि हाताने कापड वळवतो, तशीच ही सरळ वाटणी होती.

पुढे कॅमेरा स्वतःच फोकस करू लागला. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेला असा पहिला कॅमेरा कोनिका कंपनीने १९७७ साली बाजारात आणला. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय खऱ्या अर्थाने रुजवली ती मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्याने, १९८५ साली. त्यातली युक्ती ऐकण्यासारखी आहे. भिंगाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रकाशाच्या दोन लहान प्रतिमा कॅमेरा ताडून पाहतो. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या दिशेला सरकल्या आहेत, यावरून भिंग पुढे न्यायचे की मागे, आणि किती, हे त्याला कळते. मग छोटी मोटर भिंग हलवते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काम झालेले असते.

पण या सुधारणेत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. डाव्या हाताचे काम गेले आणि ते तर्जनीच्या माथी आले. शटरची कळ अर्धी दाबली की कॅमेरा प्रकाश मोजतो आणि फोकस करतो. पुरी दाबली की चित्र टिपतो. एकच बोट, एकच कळ आणि कामे दोन. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा दीर्घ संप ज्या कारणांनी झाला, त्यांत एका विणकऱ्याला नेहमीच्या दोन मागांपेक्षा जास्त माग देण्याची योजना हे एक ठळक कारण होते. तर्जनीने बिचारीने संप केला नाही, एवढाच फरक.

यात बिघडले कोठे, ते द्वारसभेचे उदाहरण घेऊन सांगतो. पाळी सुटण्याची वेळ आहे. कारखान्याच्या फाटकासमोर टेबलावर उभी राहून एक बाई बोलत आहे. तिच्या नवऱ्याचा हात यंत्रात गेला, आणि ती आयुष्यात प्रथमच हजार माणसांपुढे बोलत आहे. आपण कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर धरला, कळ अर्धी दाबली, फोकस झाला. आता चित्रात तिच्या मागची कारखान्याची पाटीही यावी म्हणून कॅमेरा थोडा बाजूला वळवला. पहिले चित्र ठीक निघाले. पण दुसऱ्या चित्रासाठी बोट उचलून पुन्हा टेकवले, की कॅमेरा नव्याने शोध सुरू करतो. या वेळी चौकटीच्या मध्यावर बाई नाही, पाटी आहे. पाटीची अक्षरे सुबक येतात, बाई धूसर होते. फोकस सतत चालू राहील अशी योजना केली, तर दुसरी आपत्ती: मध्ये कोणी झेंडा हलवला की कॅमेरा बाईला सोडून झेंड्याच्या मागे लागतो, आणि झेंडा खाली येऊन तो परत बाईपाशी येईपर्यंत तिने डोळे पुसलेले असतात. पुन्हा तसे बोला, पुन्हा तसे डोळे पुसा, असे त्या बाईला कोण सांगणार? पत्रकात ते चित्र गेले नाही, तर शेजारच्या गावच्या कामगाराला ती सभा झालीच नाही, असे होते.

यावर जो उपाय आहे तो पैसे न लागणारा आहे. कॅननने १९८९ साली ईओएस ६३० या कॅमेऱ्यात अशी सोय दिली की फोकसचे काम शटरच्या कळीकडून काढून घेऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर, उजव्या अंगठ्याखाली येणाऱ्या कळीकडे देता येईल. आज बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि बहुतेक मालकांना तिचा पत्ता नसतो. यंत्र चालवणाऱ्याला विचारून यंत्राची मांडणी करण्याची पद्धत जगात कोठे फारशी नाही. येथे निदान बदलण्याची मुभा ठेवली आहे, हे आम्ही कंपन्यांच्या पदरात टाकतो.

ही वाटणी केल्यावर काय होते ते पाहा. अंगठा दाबला की फोकस. अंगठा उचलला की भिंग आहे तेथे थांबते. तर्जनी फक्त चित्र टिपते, भिंगाला हात लावत नाही. त्या सभेत बाईच्या चेहऱ्यावर अंगठा एकदा दाबून सोडायचा. ती टेबलावर उभी आहे तोवर अंतर बदलत नाही. मग कॅमेरा पाटीकडे वळवा, दहा चित्रे घ्या, दहाही वेळा बाई रेखीव. झेंडा आडवा आला तर येऊ द्या. अंगठा वर आहे, भिंग हलणार नाही. आणि मोर्चा आपल्या दिशेने चालत येत असेल, तर अंगठा दाबूनच धरायचा, म्हणजे पुढची रांग जसजशी जवळ येईल तसतसा कॅमेरा तिच्याबरोबर अंतर जुळवत राहतो. एकच योजना उभ्या माणसाला चालते आणि चालत्या माणसालाही, सूचीत शिरून काही बदलावे लागत नाही. आमच्या मते खरा फायदा हाच आहे. बाकीचे लोक सांगतात ते फायदे याच्यातूनच निघतात.

आता करायचे कसे. कॅननच्या कॅमेऱ्यांत कळींची कामे बदलण्याचे सदर असते. जुन्यांत ते ‘कस्टम फंक्शन’खाली सापडते. तेथे शटरच्या कळीकडे फक्त प्रकाश मोजण्याचे काम ठेवायचे आणि ‘एएफ-ऑन’ अथवा तारांकित कळीकडे फोकस द्यायचा. निकॉनच्या मोठ्या कॅमेऱ्यांत पेन्सिलीच्या चिन्हाच्या सूचीत ‘एएफ ॲक्टिव्हेशन’ शोधून ‘एएफ-ऑन ओन्ली’ निवडायचे. लहान कॅमेऱ्यांत ‘एई-एल/एएफ-एल’ या कळीला ‘एएफ-ऑन’चे काम द्यायचे. सोनीत शटरबरोबर होणारा फोकस ‘ऑफ’ करायचा आणि पाठीवरची कळ वापरायची. यानंतर फोकसची पद्धत ‘सतत’ ही ठेवावी. कॅननमध्ये तिला ‘सर्व्हो’ म्हणतात, इतरत्र ‘एएफ-सी’. एकवारी पद्धत ठेवली तर काही कॅमेरे चौकट वळवल्यावर फोकसची खात्री नाही म्हणून चित्र टिपायलाच नकार देतात.

पहिले दोन-तीन दिवस अंगठा विसरतो आणि चित्रे धूसर येतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींवर सराव करावा. फिल्म जाळावी लागत नाही, म्हणून हे शिक्षण आज स्वस्त आहे.

अडचणीही आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. माणूस हातभर अंतरावर असेल आणि भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असेल, तर फोकस करून कॅमेरा वळवल्याने नाकाला स्पष्टता आणि डोळ्याला धूसरपणा असा प्रकार होतो. तेथे फोकसचा बिंदूच डोळ्यावर सरकवावा. डावा डोळा लावून पाहणाऱ्यांचा अंगठा गालात रुततो. काहींचा हात लहान असतो, त्यांना कळ दूर पडते. आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देताना शटरची कळ पूर्ववत करून द्यावी, नाहीतर सत्काराचा सगळा कार्यक्रम धुक्यात झाल्यासारखा निघेल आणि दोष त्या बिचाऱ्या स्वयंसेवकाला लागेल.

नवे कॅमेरे माणसाचा डोळा स्वतः ओळखून त्याच्यावर फोकस धरतात, मग अंगठ्याची यातायात कशाला, असे तरुण मंडळी आम्हांला विचारतात. चौकटीत एकच माणूस असेल तर त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. मोर्चाच्या पहिल्या रांगेत वीस माणसे असतात, म्हणजे डोळे चाळीस. त्यांतला कोणता, हे कॅमेऱ्याला पत्रक वाचून कळत नाही. त्या कॅमेऱ्यांतही डोळा ओळखण्याचे काम अंगठ्याच्या कळीवर ठेवता येते, आणि आम्ही तसेच ठेवले आहे.

ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही, त्यांनी निराश होऊ नये. खिशातल्या मोबाईलमध्येही ही वाटणी होते. आयफोनवर, आणि इतर पुष्कळ मोबाईलवरही, पडद्यावरच्या माणसावर बोट टेकवून क्षणभर तसेच दाबून धरले की फोकस आणि प्रकाश तेथेच बांधले जातात. आयफोन तसे वर लिहूनही दाखवतो. मग मध्ये झेंडा येवो की रिक्षा, भिंग जागचे हलत नाही. पडद्यावर दुसरीकडे एकदा बोट टेकवले की ते बंधन सुटते.