पलीकडे कोण बसलंय?

(ज्येष्ठांचं दूरवैद्यक : लेखांक ४)

हृदय अशक्त झालेल्या माणसाची सकाळ वजनकाट्यावर सुरू झाली पाहिजे. शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. हृदयाचा पंप थकला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. ते पाणी आधी वजनात दिसतं, मग पावलांच्या सुजेत, आणि शेवटी छातीत. मग माणसाला रात्री आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसून राहावं लागतं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढलं, तर ती चरबी नव्हे, पाणी. त्याच वेळी डॉक्टरांच्या कानावर घातलं तर अनेकदा लघवीच्या गोळीचा डोस बदलून भागतं. नाही घातलं, तर मध्यरात्री गाडी शोधावी लागते.

म्हणजे आकडा घरातच असतो, तो वेळेत योग्य माणसापर्यंत पोहोचवायचा. दूरवैद्यकाला याहून सोपं काम कोणतं?

अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर हेच करून पाहिलं गेलं. निम्म्या रुग्णांनी रोज एका क्रमांकावर फोन करायचा आणि ध्वनिमुद्रित आवाज विचारेल त्या प्रश्नांची उत्तरं बटणं दाबून द्यायची. ती उत्तरं त्यांच्या दवाखान्यात पाहिली जात. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सहा महिन्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचं किंवा दगावणाऱ्यांचं प्रमाण फोनवाल्या गटात ५२.३ टक्के होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५१.५ टक्के. फरक शून्य. सातांतल्या एकाने तर फोन एकदाही लावला नव्हता. शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. यंत्राच्या आवाजाशी रोज बोलायचं, आणि पलीकडून कुणी ‘काल झोप लागली का?’ म्हणून विचारत नाही. हे किती दिवस चालणार?

आठ वर्षांनी बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने नेतृत्व केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात १,५७१ रुग्ण होते, सरासरी वय ७०. वजन, रक्तदाब, ईसीजी रोज घरून जात होतं, पण खरी मेख पुढेच आहे. यंत्रं घरी बसवून ती वापरायला शिकवणारी परिचारिका प्रत्यक्ष येत होती. केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास हजर असत, आणि महिन्यातून एकदा ठरवून फोन येई. हृदयविकारामुळे अचानक रुग्णालयात काढलेले किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभरामागे ११.३ होतं, ते ७.९ झालं. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण सारखे नव्हते, त्यामुळे आकड्यांना आकडे भिडवू नयेत. तरी दोन्हींतला ठळक फरक तारेच्या दोन्ही टोकांना बसलेल्या माणसांचाच आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांत जवळपास दहा जण साठीपुढचे होते. कोकणातल्या कितीतरी घरांत आता म्हातारा-म्हातारीच असतात, मुलं मुंबईला किंवा पुण्याला. तिथे व्हिडिओ कॉल जोडून कोण देणार? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ची मूळ रचना या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर देते. आजी गावच्या उपकेंद्रात येतात, समुदाय आरोग्य अधिकारी दंडाला पट्टा बांधतात, आणि डॉक्टर पडद्यावर असतात. आजींना मोबाइलमधलं काही कळण्याची गरज नाही.

घरून कॉल करायचा तर मुलगा किंवा सून शेजारी हवी. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी काळजीवाहकाला रीतसर जागा दिली आहे. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात रुग्ण बोलू शकत नसेल, तर त्याच्या वतीने घरच्याने डॉक्टरांशी बोललेलं चालतं.

अशा कॉलमधली एक गोष्ट दवाखान्यात सहसा घडत नाही. डॉक्टर सांगतात, “औषधांची पिशवी आणा आणि सगळं पलंगावर ओता.” पिशवीतून मग काय काय निघतं! कात्रीने कापलेल्या पट्ट्या, ज्यांच्यावर औषधाचं नावच उरलेलं नाही. गेल्या वर्षीची अर्धी बाटली. शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, जी हृदय अशक्त असलेल्याने घ्यायचीच नसते, कारण ती पाणी साठवते. आणि रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, दोन डॉक्टरांनी लिहिलेली, सकाळ-संध्याकाळ इमानेइतबारे घेतलेली. दवाखान्यात येताना ही पिशवी घरीच विसरलेली असते.

रक्तदाबही कॅमेऱ्यासमोरच मोजायला लावावा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेकलेला, आणि मोजताना गप्प. नेमकं तेव्हाच आजोबा बोलतात आणि आकडा चढतो. मग उभं करून पुन्हा मोजायचं, पण घरच्याने धरून. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने उतरत असेल, तर रात्री लघवीला उठताना पडण्याचं एक कारण हाती लागलं. शेजारी कुणी नसेल, तर ही तपासणी करूच नये.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, पडल्यावर उठता न येणं यासाठी व्हिडिओ कॉल नाही. तेव्हा थेट १०८.

राहतो तो रोजच्या देखरेखीचा प्रश्न. जर्मनीत डिसेंबर २०२० मध्ये हृदय अशक्त असलेल्यांची घरबसल्या देखरेख सार्वजनिक आरोग्यविम्यात घ्यायचं ठरलं. आपल्याकडे विमा नियामकाने जून २०२० मध्ये विमा कंपन्यांना दूरवैद्यकाचा सल्ला मान्य करायला सांगितलं. सल्ला म्हणजे एक कॉल. काट्यावरचा आकडा सकाळी वाचून, ‘काकू, आज पाय दाखवा बरं’ म्हणणाऱ्या परिचारिकेचा पगार त्यातून निघत नाही.

पुढच्या आठवड्यात : स्मृतिभ्रंश आणि पडद्यावरची ओळख