काळ्या धोंड्यांची पारख

आकाशांतून पडणाऱ्या अशनींचे शास्त्रज्ञ स्थूलमानानें तीन वर्ग करितात: पाषाणमय, लोहमय आणि दोहोंचा संयोग झालेले अश्मलोहमय. पडतांना पाहिलेल्या अशनींत या तिसऱ्या वर्गांतले शेंकडा सुमारें एकच भरतात. त्यांतहि ‘पॅलसाइट’ ही जात विशेष देखणी. तिची पातळ चकती कापून तिला झिलई दिली, म्हणजे रुपेरी धातूच्या कोंदणांत ऑलिव्हीन खनिजाचे मधाच्या रंगाचे खडे जडविल्यासारखे दिसतात, व उजेडासमोर धरल्यास त्यांतून प्रकाश पाझरतो. सायबेरियांतील असा एक प्रचंड धोंडा 1772 सालीं पीटर पॅलस यानें पाहिला, त्यावरून हें नांव पडलें. असे नग हल्लीं ग्रॅमच्या भावानें विकले जातात. ते घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांनीं काय पाहावें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम पारख म्हणजे काय, तें पाहूं. अमेरिकेंतील कान्सस प्रांतीं किओवा परगण्यांत एलिझा किंबर्ली नांवाची एक शेतकरीण होती. तिच्या शेतांत नांगरतांना काळे, विलक्षण जड धोंडे लागत. ज्या मुलखांत दगडच दुर्मिळ, तेथें शेजारीपाजारी ते गवताच्या गंजीवर दाबण ठेवण्यास वापरीत. बालपणीं पाहिलेला अशनि बाईंस स्मरत होता. त्यांनीं ते धोंडे वेंचून ढीग केला, लोकांचें हसणें सोसलें, आणि विद्वानांस पत्रें धाडण्याचें सोडलें नाहीं. अखेर 1890 सालीं वॉशबर्न कॉलेजचे प्रोफेसर क्रॅगिन आले व त्यांनीं ते पॅलसाइट म्हणून ओळखून विकत घेतले! हेच ‘ब्रेनहॅम’ अशनि होत. त्याच मुलखांत 2005 सालींहि सुमारें 650 किलो वजनाचा एक धोंडा जमिनींतून निघाला.

आतां खरेदीविषयीं. लोहचुंबक चिकटला, एवढ्यावरून भुलूं नये. भट्टींतल्या मळीसहि तो चिकटतो. खऱ्या अशनीच्या धातूंत निकेल असतें. नगासोबत सांपडल्याचें ठिकाण, वजन व पूर्वीच्या मालकाची चिठी मागून घ्यावी. चिठी हरवली कीं निम्में मोल गेलेंच म्हणावें. कायदाहि पाहावा: अर्जेंटिनानें 2007 सालीं अशनि हे राष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा ठरविले, म्हणून तेथील सुप्रसिद्ध ‘एस्केल’ पॅलसाइट घेतांना तो देशाबाहेर केव्हां आला, हें विचारणें अगत्याचें.

सर्वांत मोठा शत्रु गंज. ब्रेनहॅमचे पुष्कळ नग गंजतात. एस्केल व चिलीचा ‘इमिलॅक’ बरेच टिकाऊ मानितात. आमच्याकडील पावसाळी हवेंत, विशेषतः कोंकणांत, नग घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा, आणि उघड्या हातानें वारंवार हाताळूं नये.

घेण्याची ऐपत नसल्यास वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. मुलांस संग्रहालयांतला खरा अशनि एकवार नीट दाखवावा. बाईंच्या हातीं तरी आरंभीं याहून अधिक कोणती सामग्री होती?