दोन वेतांमधलं अंतर

ती रील तुम्हीही बघितली असेल. गळ्यात जाडजूड बोआ, मागे ट्रेंडिंग गाणं आणि खाली कमेंट, ‘भाऊ, पिल्लं झाली की सांग!’ परदेशी साप पाळण्याचं आकर्षण आता कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पोहोचलंय. साप किती लांब, रंग कोणता, किंमत किती, हे सगळेच विचारतात. पण जिच्या पोटी ती पिल्लं होणार, तिचं काय? आज तिच्याबद्दल बोलूया.

अजगराची मादी अंडी घालते, बोआची मादी मात्र थेट पिल्लांना जन्म देते. हौसेने पाळले जाणारे मोठे बोआ मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. त्यांची मादी चार-पाच महिने, कधी त्याहून जास्त काळ पिल्लं पोटात वागवते. एका वेळी वीस-पंचवीस पिल्लं सहज होतात, कधी त्याहून बरीच जास्त. आणि या काळात बहुतेक माद्या खाणं जवळपास सोडूनच देतात.

मग पिल्लांचं पोषण येतं कुठून? तिच्याच अंगातून. आधी साठवलेली चरबी आणि कॅल्शियम अंड्यांच्या बलकात उतरतं. उपास लांबला की स्नायूही झिजतात. म्हणजे महिन्याचा पॉकेटमनी बंद आणि सगळा खर्च एफडी मोडून! पिल्लं झाल्यावर मादी बघाल तर पाठीचा कणा वर आलेला आणि कुशीची कातडी सैल पडलेली दिसते.

आपल्या घरी बाळंतिणीला डिंकाचे नि अळिवाचे लाडू मिळतात, सव्वा महिना आराम मिळतो. गाई-म्हशीच्या दोन वेतांमध्ये भाकड काळ का हवा, हे गावाकडच्या आजोबांना विचारा, ते नीट समजावून सांगतील. जंगलातल्या सापाचा हा हिशेब तिचं शरीरच ठेवतं. फ्रान्समध्ये अ‍ॅस्पिक वायपर या पिल्लं देणाऱ्या सापावर अभ्यास झाला. त्यात दिसलं, की अंगात ठरावीक साठा जमल्याशिवाय मादी त्या वर्षी प्रजननाच्या वाटेलाच जात नाही. बोआच्याच कुळातल्या अ‍ॅनाकोंडाच्या माद्याही साधारणपणे दरवर्षी पिल्लं देत नाहीत.

काचेच्या टाकीत मात्र हा निर्णय माणूस घेतो आणि घोळ इथेच होतो. खाणं वेळेवर मिळतं, वजनकाट्यावरचा आकडा लवकर परत येतो आणि मालकाला वाटतं, झाली तयार! पण परत आलेलं वजन बरंचसं चरबीचं असू शकतं. झिजलेले स्नायू भरायला जास्त वेळ लागतो. काही जण तर कोवळ्या मादीला ठासून खाऊ घालतात, का तर ती लवकर ‘ब्रीडिंग साइज’ला यावी. अशी घाई केली की मेलेली पिल्लं, वाया गेलेली अंडी आणि खंगत जाणारी मादी हे सगळं वाट्याला येऊ शकतं.

म्हणून जाणते लोक एका वेतानंतर निदान एक वर्ष नराला तिच्या टाकीत सोडत नाहीत. सुरुवातीला लहान भक्ष्य देतात, एकदम मोठा घास नाही. कणा पुन्हा मांसाने झाकला, अंग घट्ट झालं, कात नीट उतरू लागली, की मगच पुढचा विचार. वर्ष उलटूनही ती भरली नसेल, तर आणखी एक वर्ष थांबायचं. इतकं थांबणं जमणार नसेल, तर पिल्लांच्या भानगडीत पडूच नये.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणीही त्यात आले. बोआ त्या यादीत आहेत. २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावीच लागते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. पंचवीस पिल्लं म्हणजे पंचवीस जबाबदाऱ्या! नाही झेपल्या तर काय, अंबाझरीच्या काठावर सोडून देणार? कॅरिबियनमधल्या अरूबा बेटावर असाच बाहेरून आलेला बोआ १९९९मध्ये पहिल्यांदा आढळला. आज तो तिथल्या पक्ष्यांच्या आणि सरड्यांच्या मुळावर उठलाय.

आणि बोआ काही फक्त परदेशातच नसतात. आपल्या शेतातलं मांडूळ, ज्याला आपण दुतोंड्या म्हणतो, तेही बोआच्याच कुळातलं. बिनविषारी, मातीत दडून राहणारं, उंदरांवर जगणारं. त्याला दुसरं तोंड वगैरे काही नसतं. शेपटीच डोक्यासारखी बोथट असते. धोका वाटला की ते डोकं लपवतं आणि शेपटी पुढे करतं. त्याची मादीही थेट पिल्लं देते, पण बोआसारखी ढिगाने नाही, मोजकीच.

हे मांडूळ पाळायला, पकडायला, विकायला कायद्याने साफ बंदी आहे. तरी गुप्तधन आणि पैशांच्या पावसाच्या थापांवर त्याची तस्करी चालते. या बाजारात भाव ठरतो तो वजनावर. आता जरा विचार करा. मांडुळांमध्ये मोठी कोण? मादी. आणि मादीतही जड कोण? साठा भरून तयार झालेली किंवा पोटात पिल्लं असलेली. म्हणजे जिने सावरायला इतका वेळ घेतला, नेमकी तीच पोत्यात जाते. तिच्याबरोबर त्या शेतातली पुढची कित्येक वेतंही जातात.

तेव्हा ‘मांडुळाचं गिऱ्हाईक आहे का?’ असा मेसेज आला तर तो फॉरवर्ड करू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. मांडूळ कुठे अडकलेलं किंवा जखमी दिसलं तरी हाच नंबर. आणि बोआवाल्या मित्राची पुढची रील आली, तर कमेंटमध्ये एवढंच विचारा, ‘भाऊ, मागच्या वेताला किती दिवस झाले?’